रात्री नऊची गोळी

सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत हिंगाच्या डबीत हिंग नसायचा, गोळ्या असायच्या. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या बाटलीवरचं लेबल एसटीतच नखाने खरवडून काढायचं, घरी आल्यावर गोळ्या डबीत ओतायच्या आणि वर कापसाचा बोळा दाबायचा, म्हणजे डबी हलली तरी खुळखुळणार नाही. सासूला कळू नये, जावेला कळू नये, भाड्याची खोली जाऊ नये. मी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, केअर कोऑर्डिनेटर होते. या जागेवर एचआयव्हीसह जगणारं माणूस घेतात, आणि मी तशीच आहे. आधी मी स्वतः बोळा दाबला, मग नव्याने आलेल्या बायकांना शिकवला.

गोळी यायच्या आधीचा काळ आता तरुण मुलींना सांगावा लागतो. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातला एचआयव्हीचा पहिला संसर्ग शोधून काढला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, म्हणजे आपल्याच. तीन वर्षांनी गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं, त्यात त्याचं दुखणं उघड झालं, आणि पोलिसांनी त्याला उचलून क्षयरोग्यांच्या जुन्या, ओसाड इस्पितळात डांबलं. तो चौसष्ट दिवस तिथे होता. तेव्हाचा गोव्याचा कायदाच तसा होता. आजारी माणसाला सरकार काय देत होतं, तर कुलूप. डॉमिनिक १९९२ साली गेला, पण जाण्याआधी तो कोर्टात लढला आणि इतरांसाठी संस्था उभी केली. त्याचं नाव आमच्या प्रत्येक मेळाव्यात घेतलं गेलं पाहिजे असं मला वाटतं.

आमच्याकडे पुरुष आधी गेले. माझे मिस्टर ट्रकवर होते. ते गेले तेव्हा मी तिशीत होते, आणि दिवस उरकायच्या आत दीर जमिनीचं बोलायला लागले. अशा विधवा गावोगाव झाल्या. ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून माहेरी धाडलेल्या, वेगळं ताट-वाटी दिलेल्या. औषध जगात होतं, पण त्याला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पैसे पडायचे. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा डोस दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ केला आणि सगळं जग हललं. आफ्रिकेतली लाखो माणसं अशा स्वस्त औषधांवर जगली. आम्हाला मात्र तेही परवडणारं नव्हतं. डॉलर तेव्हा शेहेचाळीस-सत्तेचाळीस रुपयांचा होता, आणि दिवसभर खुरपून बाईच्या हातात तेवढे पडत नव्हते.

फुकट गोळी सुरू झाली १ एप्रिल २००४ रोजी, देशातल्या मोजक्या इस्पितळांत, त्यात मुंबईचं जे. जे. सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, दोनशेच्या खाली असेल तरच औषध मिळायचं. रिपोर्टवर दोनशे दहा आले म्हणून रडणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. जिवाला बरं असणं हीच त्यांची अडचण झाली होती. ज्यांना गोळी मिळाली त्यांच्यातल्या पुष्कळांचे स्टॅव्हुडिनने गाल बसले, तळपाय जळायला लागले. डबीत लपवलेलं चेहऱ्यावर दिसू लागलं.

नऊची वेळ आली ती नंतरच्या गोळीमुळे. इफाव्हिरेंझने चक्कर यायची, भलभलती स्वप्नं पडायची, म्हणून ती झोपताना घ्यायची. घरोघर नऊची मालिका लागायची, तिचं गाणं वाजलं की बाई पाणी प्यायच्या निमित्ताने उठायची. महिन्याला सेंटरवर उरलेल्या गोळ्या मोजल्या जात. शंभरातल्या पाचपेक्षा जास्त चुकल्या तर समोर बसवून विचारायचं काम माझं. २०१७ साली सीडी-फोरची अट गेली, ज्याला संसर्ग त्याला लगेच औषध असं ठरलं. आता डोल्युटेग्राविरची एकच गोळी आहे, दिवसात कधीही घेतली तरी चालते. तरी आमच्यातल्या जुन्या बायका नऊ सोडत नाहीत.

आणि त्या म्हाताऱ्या झाल्या. हे कुणीच धरलं नव्हतं. सेंटरच्या हिरव्या पुस्तकात वजन, सीडी-फोर, क्षयाची तपासणी, सगळ्याला रकाने. गुडघ्यांना, मोतीबिंदूला, विसरभोळेपणाला नाहीत. आमच्यातल्या एका काकूंना गावातल्या डॉक्टरांनी हाडांसाठी कॅल्शियम दिलं. नऊच्या गोळीबद्दल काकू त्यांच्याकडे बोलल्याच नव्हत्या. दोन्ही गोळ्या त्या नऊ वाजता, उपाशीपोटी घेत राहिल्या. अशाने डोल्युटेग्राविर अंगात नीट उतरतच नाही. जेवणासोबत घेतल्या असत्या तर चाललं असतं, नाहीतर दोहोंत काही तासांचं अंतर हवं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोसही या गोळीसोबत हात राखून द्यावा लागतो. वीस वर्षं ज्या लपवण्याने काकूंना घरात ठेवलं, तेच आता त्यांच्या जिवावर येत होतं.

एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा भेदभावाला बंदी करतो, २०१८ च्या सप्टेंबरपासून तो लागू आहे. तरी एका वृद्धाश्रमाने आमच्या एका मैत्रिणीचे कागद पाहून जागा शिल्लक नाही म्हटलं. आदल्या दिवशी फोनवर जागा होती.

या बायका कशाच्या बळावर टिकल्या, असं शिकायला आलेल्या मुली विचारतात. मन खंबीर होतं म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. खंबीर मनाच्या कितीतरी जणी एकट्या पडून गेल्या. टिकल्या त्या ज्यांना आपलं गुपित माहीत असलेलं एक तरी माणूस होतं. आमचा बचत गट शिलाई मशीनच्या कर्जासाठी निघाला होता, पण बैठकीत हप्त्यापेक्षा जास्त वेळ एकमेकींच्या जिभेवरचे पांढरे डाग बघण्यात जायचा.

तोच गट आता साठीच्या पुढच्या बायकांच्या जोड्या लावतो. नऊला एकीने दुसरीला फोन करायचा आणि बीपीची, साखरेची, हाडांची, सगळी औषधं एका कागदावर लिहून दोघींकडे ठेवायची. सेंटरवर गोळ्या नेण्याच्या दिवशीच बीपी, साखर आणि डोळे तपासा, असा अर्ज आम्ही केला आहे. बीपी आणि साखर मान्य झाली. डोळ्यांसाठी पुन्हा जायचं आहे.