मोअरबॅथ गावची चोपडी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगणा आहे. त्याच्या उत्तरेकडे एक्समूरचे उंच व ओलसर माळरान पसरलेले असून त्याच्या दक्षिण कडेस मोअरबॅथ हे लहानसे खेडे वसले आहे. सोळाव्या शतकात येथे अवघी ३३ घरे होती. लोकांचा धंदा मुख्यतः मेंढपाळीचा. या गावी कोणी राजा जन्मला नाही, की कोणती लढाई झाली नाही. गावचे सेंट जॉर्जचे मध्ययुगीन चर्च अद्याप उभे आहे. पण एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराने त्याचे रूप इतके पालटले आहे की, जुन्या काळाविषयी त्याच्या भिंती फारसे सांगत नाहीत. जे सांगते ती एक हिशेबाची चोपडी होय.

ही चोपडी लिहिणाऱ्या पाद्र्याचे नाव सर क्रिस्टोफर ट्रिकी. 'सर' ही येथे सरदारकीची पदवी नव्हे. विद्यापीठाची पदवी नसलेल्या धर्मगुरूस त्या काळी असेच आदराने संबोधीत. १५२० साली तो या गावी आला आणि १५७४ साली मरेपर्यंत, म्हणजे ५४ वर्षे, येथेच राहिला. आठव्या हेन्रीपासून एलिझाबेथपर्यंत चार राज्यकर्त्यांच्या आमदानीत इंग्लंडचा धर्म पुनःपुन्हा उलटापालटा झाला. मोठ्या इतिहासग्रंथांतून या उलथापालथीची हकीकत राजे, बिशप व पार्लमेंट यांच्या तोंडून ऐकावयास मिळते. मोअरबॅथच्या चोपडीत ती शिलिंग-पेन्सांच्या आकड्यांतून ऐकू येते.

हे हिशेब कपाटात ठेवण्यासाठी लिहिलेले नव्हते. ठरलेल्या रविवारी सारे गाव जमले म्हणजे कारभाऱ्यांच्या वतीने पाद्री ते मोठ्याने वाचून दाखवी. त्यामुळे त्यांतील भाषा रोकडी, बोलकी आणि मधूनमधून थोडी वळसेदारही आहे. कोणी काय दिले, कोणाकडे काय येणे राहिले, हे चारचौघांत नावानिशी उच्चारले जाई. ही एक वसुलीची युक्तीच म्हणावयाची!

चर्चमधील निरनिराळ्या मूर्तींपुढे दिवे तेवत ठेवण्याची चाल होती, आणि त्यांच्या खर्चासाठी वेगवेगळे निधी असत. गावच्या तरुणांचा एक, कुमारिकांचा एक, मेरीमातेचा एक, असे हे निधी व प्रत्येकाचे कारभारी निराळे. या निधींच्या मालकीच्या मेंढ्या असत. त्या एका ठिकाणी कळपाने ठेवीत नसत. एखादी या घरी, एखादी त्या घरी, अशा सांभाळावयास दिलेल्या असत. लोकर विकून येणारा पैसा निधीत जमा होई. म्हणजे ज्याच्या दारात चर्चची मेंढी चरे, त्याचा चर्चच्या दिव्याशी रोजचा संबंध राही. कोणी मरतेसमयी मधमाश्यांचे पोळेही दिव्यांच्या मेणासाठी ठेवून जाई. याखेरीज गावचे लोक मिळून एल नावाचे यवाचे मद्य गाळीत, जेवणावळ घालीत आणि त्याचा नफा चर्चच्या खर्चास लावीत. आजच्या सोवळ्या दृष्टीस हे चमत्कारिक वाटेल. परंतु छपराची दुरुस्ती त्यातूनच होई.

कारभारीपणा घरोघर पाळीने फिरे आणि पाळी आली म्हणजे बाईसही तो चुकत नसे. तंटेबखेडेही होतच. चर्चच्या चाकराला द्यावयाच्या धान्यावरून कित्येक वर्षे धुसफूस चालली होती. बलुत्यावरून होणारे वाद ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहेत, त्यांना या प्रकरणाचे नवल वाटणार नाही.

ट्रिकीने येताना एक नवी भक्ती आणली होती. सेंट सिडवेल ही एक्सेटर शहराची संत कुमारी. विळ्याने तिचा वध झाला अशी आख्यायिका आहे. तिची मूर्ती त्याने चर्चमध्ये बसविली, तिच्यावर सोनेरी मुलामा चढविला, आणि हळूहळू गावकरी आपल्या मुलींची नावेही सिडवेल ठेवू लागले. १५३४ साली चोराने चर्च फोडून तरुणांच्या निधीतील चषक व सिडवेलच्या मूर्तीचा चांदीचा जोडा लांबविला, तेव्हा तरुण व कुमारिका यांनीच वर्गणी करून नवा चषक घेतला.

ट्रिकीचा आणखी एक ध्यास होता. मृतांसाठी होणाऱ्या प्रार्थनेच्या वेळी घालावयाचा काळ्या पूजावस्त्रांचा चांगला जोड चर्चला असावा, म्हणून तो सुमारे वीस वर्षे आपल्या हक्काच्या प्राप्तीतून थोडे थोडे बाजूस टाकीत आला. अखेर १५४७ साली वस्त्रे आली. त्याच वर्षी आठवा हेन्री वारला, नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर बसला, आणि ज्या विधीसाठी ती वस्त्रे घेतली तो विधीच १५४९ साली कायद्याने बंद झाला.

एडवर्डच्या सल्लागारांचा धर्मसुधारणेचा सपाटा विलक्षण होता. मूर्ती हलवा, दिवे विझवा, निधी मोडा, अशा आज्ञांवर आज्ञा सुटल्या. मोअरबॅथच्या मेंढ्या विकल्या गेल्या. मेंढ्या गेल्या तसे निधी गेले आणि निधी गेले तसे तरुणांचे व कुमारिकांचे कारभारीही उरले नाहीत. १५४८ साली मुख्य कारभार लूसी सीली या बाईकडे होता. चर्च रिकामे होत जाण्याचे दुःखद काम तिच्या वर्षात घडले. पूजेची वस्त्रे व सामान काही घरांतून ठेवावयास दिले गेले. जमेच्या बाजूस काही उरले नाही, आणि खर्च मात्र वाढला. कारण नव्या आज्ञेप्रमाणे लागणारे ग्रंथ गावानेच विकत घ्यावयाचे होते.

१५४९ च्या जूनमध्ये लॅटिन उपासनेऐवजी इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सक्तीचा झाला. डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टनी या गावी लोकांनी तो नाकारला. कॉर्नवॉलचे लोक त्यांना मिळाले आणि बंडखोरांनी एक्सेटर शहरास वेढा घातला. हा वेढा पाच आठवडे चालला. याच वेळच्या हिशेबात मोअरबॅथच्या पाच तरुणांना, एक्सेटरच्या वेशीबाहेरील सेंट डेव्हिड्स डाऊन येथील छावणीवर जाताना, गावाने पैसे दिल्याची नोंद आहे. ही छावणी बंडखोरांची होती! राजद्रोहाचा खर्च गावाने रीतसर खाती टाकला आणि पाद्र्याने तो आपल्या हाताने लिहून ठेवला. १९०४ साली बिनी या पाद्र्याने चोपडी छापली, तेव्हा त्या स्थळाचे नाव भलतेच वाचले गेले. इमन डफी या इतिहासकाराने २००१ सालच्या आपल्या ग्रंथात ते नीट उलगडले, तेव्हा नोंदीचा खरा अर्थ ध्यानात आला.

ऑगस्टमध्ये लॉर्ड रसेलच्या फौजेने, तीत परदेशी भाडोत्री शिपाईही होते, बंड मोडून काढले. हजारो लोक कापले गेले. त्या पाच तरुणांपैकी काहींची नावे मोअरबॅथच्या कागदांत पुढे कोठेच येत नाहीत. चोपडी याविषयी एक शब्दही बोलत नाही. बोलणे धोक्याचेच होते.

१५५३ साली मेरी राणी झाली व जुना धर्म परतला. तेव्हा गावकऱ्यांनी घरोघर लपविलेल्या वस्तू बाहेर काढून चर्चमध्ये आणून दिल्या, आणि ट्रिकीने त्या समाधानाने नोंदविल्या. हे समाधान पाच वर्षेच टिकले. १५५८ साली एलिझाबेथ आली आणि पुन्हा इंग्रजी प्रार्थनाग्रंथ आला.

या वेळी मोअरबॅथमधून कोणी छावणीवर गेले नाही. राजाज्ञेप्रमाणे धर्म बदलणारा म्हणून ट्रिकीला हिणविणे सोपे आहे, आणि तसे करणारेही पुष्कळ भेटतील. पण त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: आपले मत धरून गाव सोडावयाचे, किंवा गाव धरून मत गिळावयाचे. ज्यांची लग्ने त्याने लावली, ज्यांच्या बापांना त्याने पुरले आणि ज्यांची मेंढरे त्याने मोजली, त्या ३३ घरांस टाकून जाणे त्याला जमले नाही. तो इंग्रजी उपासना चालवू लागला. हिशेब मात्र पूर्वीसारखाच वाचीत राहिला. चर्चवर साठलेले कर्ज हळूहळू फिटले, मोडकळीस आलेले पुन्हा उभे राहिले, आणि सिडवेल नावाच्या मुली मोठ्या होऊन संसाराला लागल्या. १५७४ साली ट्रिकी वारला. ज्या चर्चमधून त्याने सिडवेलची मूर्ती जाताना पाहिली, त्याच चर्चच्या गाभाऱ्यात त्याला पुरले आहे.