रुग्णाची खाट आणि रुग्णाचें घर

मनुष्य आजारी पडला म्हणजे तो एकटा आजारी पडत नाहीं; त्याच्याबरोबर त्याचें सारें घर आजारी पडतें. गडबसारख्या गांवांतून एखाद्यास अलिबागेस किंवा मुंबईस इस्पितळांत हलवावें लागलें, कीं भातशेतीचें काम अडतें, लेंकरें शेजाऱ्यांच्या ओटीवर राहतात आणि घरची बाई इस्पितळाच्या व्हरांड्यांत रात्र काढते. म्हणून ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत शुश्रूषेचा इतिहास सांगतांना आम्ही खाटेवरच्या रुग्णाइतकेंच तिच्या बाजूस बसलेल्यांकडेही पाहणार आहों.

आपल्या पश्चिम किनाऱ्यापुरतें बोलावयाचें, तर आरंभ संत फ्रान्सिस झेविअर यांच्यापासून करणें योग्य होईल. ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास उतरले आणि त्यांनीं आपला मुक्काम इस्पितळांतच ठेविला. अत्यवस्थ रुग्णाच्या उशापायथ्याशीं ते रात्रीं निजत, अशी त्यांच्या चरित्रकारांची साक्ष आहे. पुढें येशूसंघाच्या देखरेखीखालीं हें इस्पितळ इतकें नांवाजलें, कीं १६०८ सालीं तेथें रुग्ण म्हणून आलेल्या पिरार नामक फ्रेंच प्रवाशानें तेथील स्वच्छतेची व व्यवस्थेची मुक्तकंठानें वाखाणणी केली. परंतु खरें तें सांगितलें पाहिजे. तें इस्पितळ मुख्यतः पोर्तुगीज शिपायांसाठीं व खलाशांसाठीं होतें, येथल्या रयतेसाठीं नव्हे.

सुव्यवस्था असून विश्वास नसला म्हणजे काय होतें, हें प्लेगनें दाखविलें. १८९६ सालीं मुंबईंत सांथ आली. रुग्णांना घरांतून उचलून नेऊं लागतांच लोक भयभीत झाले, आणि ऑक्टोबरांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. १८९७ सालीं पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरझडत्या घेतल्या. रुग्ण इस्पितळांत व आप्त छावणींत अशी ताटातूट झाली. लोक आजाऱ्यांस लपवूं लागले. ज्या इस्पितळांत आईला लेंकराजवळ येऊं देत नाहींत, तें इस्पितळ तिला तुरुंगासारखें वाटलें, तर दोष तिचा कसा?

त्याच वर्षीं पुण्याजवळ डॉक्टर यशवंतराव फुले यांनीं प्लेगच्या रुग्णांसाठीं दवाखाना उघडला. त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई तेथें स्वतः खपत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणिलें, असें सांगतात. त्यांतच त्यांना प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. शिपाई ज्याला ओढून नेत, त्याला या माउलीनें पाठीवर नेलें. सक्ती आणि सेवा यांतील सारें अंतर येथें आहे.

सेवेला शिक्षणाची जोड हवी, हें रमाबाई रानडे यांनीं ओळखलें. १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें विधवांना व गरजू स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण मिळवून दिलें. आमच्या धर्मभगिनींना मात्र प्रसूतिसेवेची व वैद्यकीची मोकळीक फार काळ नव्हती. डॉक्टर असलेल्या सिस्टर मेरी ग्लोरी १९२० सालीं रोमच्या विशेष परवानगीनेंच गुंटूरला आल्या. सरसकट मुभा मिळाली ती १९३६ सालीं. त्यानंतर १९४२ सालीं वांद्र्याचें होली फॅमिली इस्पितळ उभें राहिलें, आणि १९४३ सालीं गुंटूर येथें सोळा धर्मभगिनींनीं भारतीय कॅथॉलिक इस्पितळांची संघटना स्थापिली.

२०२० सालीं कोविड आला, तेव्हां महाराष्ट्रांत लागू झाला तो १८९७ चाच सांथीचा कायदा. पुन्हां खाट एकीकडे आणि घर दुसरीकडे. परंतु या वेळीं अनेक परिचारिकांनीं रुग्णाच्या तोंडासमोर फोन धरून त्याला घरच्यांचा चेहरा दाखविला. कायदा तोच राहिला, पण त्याच्या आंत दयेनें आपली वाट काढिली.

शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोनी जखमी मनुष्यास उतारशाळेंत पोंचवून थांबला नाहीं. रात्रभर त्यानें त्याची काळजी वाहिली, खर्च दिला आणि परत येण्याचें वचनही दिलें. वाचकहो, परिचारिकेचें काम परिचारिका करील. परंतु व्हरांड्यांत बसलेल्या आप्तांस जेवणाचा डबा पोंचविणें, त्यांना घटकाभर निजूं देऊन आपण खाटेशीं बसणें आणि गांवांत त्यांच्या घराची चूल पेटती ठेवणें, हें काम आपलें आहे. त्याला कोणत्याही शिक्षणाची अट नाहीं.