स्तनपानविषयक प्रथांतील स्थित्यंतरे : महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

गाय-म्हैस व्याल्यानंतरच्या पहिल्या चिकाचा खरवस हा मराठी घरातील कौतुकाचा पदार्थ होय. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो आवर्जून दिला जातो. मात्र बाळंतिणीचा चीक ‘बाळाला जड’ किंवा ‘खराब’ समजून पिळून टाकण्याची प्रथा अनेक घरांत दीर्घकाळ टिकून होती. ही विसंगती स्तनपानाच्या इतिहासाकडे पाहण्याची एक वाट दाखविते.

स्तनपान ही निसर्गदत्त क्रिया असल्यामुळे तिला इतिहास नाही, असा समज आढळतो. वस्तुतः बाळाला पहिले दूध केव्हा द्यावे, कोणाच्या संमतीने द्यावे आणि आईने कामावर कधी परतावे, हे त्या त्या काळातील समाजरचनेने ठरविले आहे. भारतात स्तनपान कधीच लोप पावले नाही. बदलत गेली ती त्याची वेळ आणि त्यावरील नियंत्रण. प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने या बदलाचा मागोवा घेतला आहे.

परंपरेतील दोन प्रवाह

प्राचीन वैद्यकग्रंथांत या विषयावर एकवाक्यता नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीनंतर तीन-चार रात्रींनी दूध उतरते असे मानून तोपर्यंत बालकास मध-तूप देण्यास सांगितले आहे. चरकसंहितेत मात्र मध-तुपाच्या संस्कारानंतर प्रथम उजव्या स्तनाचे दूध देण्याचे विधान आहे. लोकव्यवहारात विलंबाचा प्रवाह बळावलेला दिसतो. बाळाला मध चाटविणे, गूळपाणी देणे, पुढे गुटी उगाळून पाजणे या गोष्टी सुईण आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ठरवीत असत.

तथापि याच परंपरेची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. अळीव, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, शतावरी हा बाळंतिणीचा आहार, माहेरची विश्रांती आणि मूल दोन-अडीच वर्षांचे होईपर्यंत अंगावर पाजण्याची रीत यांमुळे स्तनपानाला कुटुंबाचा आधार मिळत असे. म्हणजे परंपरेने बाळाचे पहिले दिवस हिरावले असले, तरी आईला पुढचे महिने दिले. अर्थात हा विश्रांतीचा काळ प्रामुख्याने खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांपुरताच मर्यादित होता. शेतमजूर स्त्रीला तो क्वचितच लाभला.

गिरणी, कायदा आणि आईचा वेळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि मजूर स्त्रीचे काम घरापासून दूर गेले. दिवसभर यंत्रावर उभ्या असलेल्या आईचे मूल शांत राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देण्याचा प्रघात पडला. १९२० च्या दशकात गिरणी कामगार स्त्रियांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत या गोष्टीची गंभीर नोंद घेण्यात आली. येथे आईच्या दुधाची जागा वरच्या दुधाने घेण्यापूर्वीच अफूने घेतली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे असल्याचे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने मातृत्व लाभ कायदा संमत केला. स्वातंत्र्योत्तर काळात १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोन विराम दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली. परंतु बीडसह मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी, तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत ठेवणारी स्त्री या रजेच्या कक्षेत प्रत्यक्षात आली नाही. तिची मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर अवलंबून असल्याने मुलाला पाजण्याचा वेळ तिच्या कमाईतून वजा होतो.

डब्याचे दूध आणि त्यास विरोध

डब्यातील दुधाचा व्यापारही मुंबईतूनच विस्तारला. १९२४ मध्ये ग्लॅक्सो हे बालअन्न विकण्यासाठी येथे स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. १९६० च्या सुमारास आणंदच्या सहकारी डेअरीने म्हशीच्या दुधापासून बालअन्न तयार केले. गुबगुबीत बालकाचे चित्र असलेला डबा हळूहळू सुशिक्षित मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेचे लक्षण बनला.

या प्रवाहाला विरोध करण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. १९९१ मध्ये वर्धा येथे स्तनपान प्रसारासाठी राष्ट्रीय पातळीवरील संघटना स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८१ च्या संहितेस अनुसरून भारताने १९९२ मध्ये मातृदुग्धाच्या पर्यायांविषयी कायदा केला. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा उत्पादनांच्या जाहिरातींवर पूर्ण बंदी आली.

आकडेवारीचा अन्वयार्थ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बालकांचे देशातील प्रमाण १९९२-९३ मध्ये सुमारे १० टक्के आणि १९९८-९९ मध्ये सुमारे १६ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ४१.६ टक्क्यांवर पोहोचले. सर्व पाहण्यांतील बालकांचा वयोगट तंतोतंत सारखा नाही, तरी वाढीची दिशा निःसंदिग्ध आहे. २०१९-२१ मध्ये मात्र हे प्रमाण ४१.८ टक्क्यांवर अडले. याच पाच वर्षांत रुग्णालयीन प्रसूती ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेल्या.

महाराष्ट्राचे चित्र अधिक विचार करायला लावणारे आहे. राज्यात रुग्णालयीन प्रसूती ९०.३ वरून ९४.७ टक्के झाल्या, पण तासाभरात स्तनपानाचे प्रमाण ५७.५ वरून ५३.२ टक्क्यांवर घसरले. राज्यातील ही पाहणी २०१९ मध्येच, म्हणजे कोविडपूर्वी झाली. त्यामुळे घसरणीचा दोष महामारीवर टाकता येत नाही. त्याच काळात शस्त्रक्रियेद्वारे प्रसूतीचे प्रमाण २०.१ वरून २५.४ टक्के झाले. घसरणीचे हे एकमेव कारण ठरविता येणार नाही. तरी शस्त्रक्रियेनंतर आई व बाळ वेगळे ठेवले जाणे हा पहिल्या तासातील मोठा अडथळा आहे.

याउलट सहा महिन्यांखालील बालकांना निव्वळ स्तनपानाचे राज्यातील प्रमाण ५६.६ वरून ७१ टक्के झाले. आई घरी परतल्यावर आणि तिला योग्य माहिती मिळाल्यावर ती काय करू शकते, याची ही साक्ष आहे. हे श्रेय अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्तींनाही दिले पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्तनपानात कमतरता राहिली तेव्हा तिचा दोष आईच्या इच्छेला देणे इतिहासाला धरून नाही. पहिला तास पूर्वी रूढीच्या ताब्यात होता, आज तो बहुतांशी रुग्णालयाच्या कार्यपद्धतीच्या ताब्यात आहे. पुढचे महिने एकेकाळी गिरणीने घेतले, आज ते उसाच्या फडात आणि असंघटित रोजगारात जातात. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावणाऱ्या हिरकणीची कथा महाराष्ट्राने हृदयाशी जपली आणि एस.टी. स्थानकांवरील स्तनपान कक्षांनाही तिचे नाव दिले. तथापि गडाचे दरवाजे वेळेवर उघडे असते, तर तिला कडा उतरावा लागला नसता. प्रसूतिगृहात बाळाला तासाभरात आईजवळ देणे आणि मजूर स्त्रीला मजुरी न बुडता पाजण्याचा वेळ मिळणे, हे आजचे दोन दरवाजे आहेत. ते उघडण्याची जबाबदारी आईची नाही.