नार्कोस मालिकेतील भाषा व उच्चार

नार्कोस ही कोलंबियातील कोकेनच्या तस्करीवर आधारित दूरचित्रवाणी मालिका आहे. २०१५ ते २०१७ या काळात नेटफ्लिक्सवर तिचे तीन हंगाम व एकूण ३० भाग प्रदर्शित झाले. मालिकेचे संवाद इंग्लिश व स्पॅनिश या दोन भाषांत आहेत. कोलंबियन पात्रांना स्पॅनिश बोलू देण्याच्या निर्णयाचे कोलंबियाबाहेर स्वागत झाले. खुद्द कोलंबियात मात्र हीच पात्रे अनेक देशांच्या ढबीची स्पॅनिश बोलतात, अशी टीका झाली. खऱ्या व्यक्तींवर आधारित गुन्हेनाट्यांत भाषेची निवड आणि उच्चारांची निवड हे दोन स्वतंत्र प्रश्न असतात, हे या मालिकेच्या उदाहरणातून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

मालिकेच्या पहिल्या दोन हंगामांत मेदेयीन टोळीचा प्रमुख पाब्लो एस्कोबार याचा उदय व अंत दाखविला आहे, तर तिसरा हंगाम काली टोळीवर आहे. एस्कोबारचा जन्म १ डिसेंबर १९४९ रोजी आन्तिओकिया प्रांतातील रियोनेग्रो येथे झाला. तो मेदेयीनलगतच्या एन्विगादो येथे वाढला. २ डिसेंबर १९९३ रोजी मेदेयीनमध्ये पोलिसांच्या कारवाईत तो ठार झाला. मुलाशी दूरध्वनीवर बोलत असताना त्याच्या संदेशलहरींचा माग काढून पोलिसांनी त्याचे ठिकाण शोधले होते. त्याच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे कोलंबियात अनेकदा प्रसारित झाली आहेत. त्यामुळे तो कसा बोलत असे, हे तेथील प्रेक्षकांच्या प्रत्यक्ष परिचयाचे आहे.

भाषेची निवड

अमेरिकी प्रेक्षकांसाठी बनविलेल्या कलाकृतींत परदेशी पात्रांनी परकीय ढबीचे इंग्लिश बोलावे, असा संकेत दीर्घकाळ रूढ होता. ब्लो (२००१) या चित्रपटात एस्कोबारची भूमिका क्लिफ कर्टिस या न्यूझीलंडच्या माओरी अभिनेत्याने केली होती. लव्हिंग पाब्लो (२०१७) या चित्रपटात हाविएर बार्देम व पेनेलोपे क्रूझ हे स्पेनचे दोन्ही कलावंत स्पॅनिश मातृभाषा असूनही इंग्लिशमध्ये बोलतात.

नार्कोसने हा संकेत मोडला. कोलंबियन पात्रे आपसांत स्पॅनिश बोलतात आणि इतरभाषक प्रेक्षक उपशीर्षके वाचतात. कथेचे निवेदन मात्र अमेरिकी अधिकाऱ्याच्या पात्राच्या तोंडी व इंग्लिशमध्ये आहे. त्यामुळे संवाद कोलंबियन लोकांचे असले, तरी घटनांचा अर्थ लावणारा आवाज अमेरिकी राहतो.

पाइसा बोली

आन्तिओकिया व लगतच्या डोंगराळ प्रदेशातील रहिवाशांना ‘पाइसा’ म्हणतात. त्यांची बोलीही याच नावाने ओळखली जाते. तिचा हेल राजधानी बोगोताच्या स्पॅनिशपेक्षा सहज वेगळा ओळखू येतो. या बोलीतील ‘स’ जिभेचे टोक उचलून उच्चारला जातो, त्यामुळे तो ऐकताना किंचित ‘श’कडे झुकल्यासारखा वाटतो. बोलण्यात ‘पुएस’ हा शब्द वारंवार पेरलेला असतो. मित्राला उद्देशून ‘पार्से’ म्हणण्याची पद्धत मेदेयीनच्या तरुणांच्या बोलीतून सर्वत्र पसरली.

द्वितीय पुरुषी सर्वनामांचा वापर हे या बोलीचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. स्पॅनिशच्या अनेक प्रकारांत जवळच्या व्यक्तीसाठी ‘तू’ व आदरासाठी ‘उस्तेद’ वापरतात. पाइसा बोलीत सलगीसाठी ‘वोस’ वापरले जाते आणि क्रियापदाचे रूपही बदलते: ‘तू तिएनेस’ऐवजी ‘वोस तेनेस’. शिवाय ‘उस्तेद’ कुटुंबातील व्यक्तींसाठी व मित्रांसाठीही वापरतात. त्यामुळे मराठीतील ‘तू’ व ‘तुम्ही’ यांच्याशी त्यांची सरळ जोडी लावता येत नाही. इंग्लिश उपशीर्षकांत तर या तिन्ही सर्वनामांसाठी एकच शब्द येतो आणि पात्रांमधील अंतर व जवळीक यांची छटा पुसली जाते.

कलावंतांची निवड

एस्कोबारची भूमिका वाग्नेर मौरा या ब्राझीलच्या अभिनेत्याने केली. मालिकेचे एक प्रमुख निर्माते व दिग्दर्शक जोझे पादिल्या हेही ब्राझीलचेच होत. त्यांच्या एलिट स्क्वॉड (२००७) या चित्रपटात मौरा यांनी मुख्य भूमिका केली होती. मौरा यांची मातृभाषा पोर्तुगीज असून त्यांना स्पॅनिश येत नव्हती. चित्रीकरणापूर्वी मेदेयीनमध्ये मुक्काम करून त्यांनी तेथील विद्यापीठात या भाषेचे शिक्षण घेतले. पोर्तुगीज व स्पॅनिश या जवळच्या भाषा असल्या, तरी त्यांची स्वरव्यवस्था व हेल भिन्न आहेत. हा फरक मौरा यांच्या संवादांत जाणवतो.

अन्य कलावंतही विविध देशांतील होते. एस्कोबारच्या पत्नीची भूमिका पाउलिना गाइतान व राष्ट्राध्यक्ष सेसार गाविरिया यांची भूमिका राउल मेंदेस या मेक्सिकन कलावंतांनी केली. गाचा या तस्कराच्या भूमिकेत पोर्तो रिकोचे लुईस गुस्मान आणि पाचो एरेराच्या भूमिकेत अर्जेंटिनाचे आल्बेर्तो आम्मान होते. एस्कोबारचा मामेभाऊ गुस्ताव्हो याची भूमिका करणारे हुआन पाब्लो राबा हे मात्र कोलंबियन आहेत.

स्वागत व टीका

मौरा यांना या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब पुरस्काराचे नामांकन मिळाले. कोलंबियात मात्र त्यांच्या उच्चारांची चेष्टा झाली. एकाच शहरातील, एकाच कुटुंबातील माणसे वेगवेगळ्या देशांतील असल्यासारखी बोलतात, हा टीकेचा मुख्य रोख होता. उपशीर्षके वाचणाऱ्या प्रेक्षकाला जी भाषा अस्सल वाटते, तिच्यातील परकेपणा स्थानिक श्रोत्याला पहिल्याच वाक्यात कळतो.

हा आक्षेप केवळ भाषिक नव्हता. टोळीच्या बॉम्बस्फोटांत व हत्यांत बळी पडलेल्यांचे कुटुंबीय आजही कोलंबियात आहेत. आपल्या देशाचा अलीकडचा इतिहास बाहेरच्यांनी बाहेरच्यांसाठी सांगितला, ही भावना उच्चारांवरील टीकेमागे होती. दुसऱ्या बाजूने, हुबेहूब नक्कल म्हणजेच उत्तम अभिनय नव्हे, असे म्हणता येते. मौरा यांच्या संथ, दबक्या बोलण्यातून उभी राहणारी धास्ती भाषेच्या सीमा ओलांडून पोहोचली.

इतर कलाकृतींशी तुलना

काराकोल वाहिनीची एस्कोबार, एल पात्रोन देल माल (२०१२) ही मालिका कोलंबियातच निर्माण झाली. तिच्यात आंद्रेस पार्रा या कोलंबियन अभिनेत्याने एस्कोबारची भूमिका पाइसा ढबीत केली. निर्माते हुआना उरिबे व कामिलो कानो हे दोघेही टोळीच्या हिंसाचाराची झळ बसलेल्या कुटुंबांतील आहेत. कानो यांचे वडील व एल एस्पेक्तादोर या वृत्तपत्राचे संपादक गिएर्मो कानो यांची १९८६ मध्ये हत्या झाली होती. अनेक कोलंबियन प्रेक्षक नार्कोसची तुलना याच मालिकेशी करीत.

बोलीलाच कथेचा विषय बनविण्याचे उदाहरण मार्को बेलोक्क्यो यांच्या द ट्रेटर (२०१९) या इटालियन चित्रपटात आढळते. माफियाविरुद्ध साक्ष देणाऱ्या तोम्माझो बुशेत्ता याची भूमिका मूळच्या रोमच्या पिएरफ्रान्चेस्को फाविनो यांनी सिसिलियन ढब आत्मसात करून केली. साल्वातोरे कोंतोर्नो हा दुसरा साक्षीदार न्यायालयात गडद पालेर्मी बोलीत बोलतो आणि ती अनेकांना उमगत नाही. १९८६ मध्ये पालेर्मो येथे सुरू झालेल्या प्रत्यक्ष खटल्यातही त्याच्या बोलीमुळे अशीच अडचण आली होती.

नार्कोसनंतर आलेल्या नार्कोस: मेक्सिको (२०१८–२०२१) या मालिकेत दिएगो लुना, होआकिन कोसिओ यांसारख्या मेक्सिकन कलावंतांना मेक्सिकन तस्करांच्या प्रमुख भूमिका देण्यात आल्या. तिच्या तिसऱ्या हंगामात निवेदनाची सूत्रे अमेरिकी अधिकाऱ्याकडून एका मेक्सिकन महिला पत्रकाराच्या पात्राकडे आली.

हे सुद्धा पहा

पाब्लो एस्कोबार
स्पॅनिश भाषा
मेदेयीन
बोलीभाषा