अडकलेले डाउनलोड आणि गच्चीवरचा स्विच

इंटरनेटवरून उतरवायला घेतलेली फाइल मध्येच अडकून पडणे हा मुंबईच्या उपनगरांत साधारण १९९८ ते २०१२ या काळातला रोजचा प्रकार होता. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या सोसायट्यांत त्याचे खापर बहुतेक वेळा घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर फुटे. मशीन फॉरमॅट होई, रॅम वाढवली जाई, आणि फाइल तरीही ९९ टक्क्यांवरच राही. दोष मशीनचा क्वचितच असे. उपनगरात इंटरनेट ज्या वाटेने घरात आले, त्या वाटेतच तो जास्त वेळा सापडे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ते एमटीएनएलच्या फोनवरून, मोडेमने डायल करून मिळे. ५६ केबीपीएसचा मोडेम प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच किलोबाइट देई, त्यामुळे पाच एमबीचे एक गाणे यायला वीसेक मिनिटे लागत. तोवर घरचा फोन बंद, आणि बिलात कॉल चढत राही. या काळातले अडकणे समजायला सोपे होते. कोणाच्या तरी कॉल वेटिंगच्या 'टूं'ने लाइन तुटे, किंवा कुणीतरी आतल्या खोलीतला पॅरलल फोन उचले. गेटराइट आणि फ्लॅशगेट ही सॉफ्टवेअर तुटलेल्या जागेपासून पुढे उतरवू शकत, पण पलीकडच्या सर्व्हरने तशी सोय दिली असेल तरच. नसेल तर पुन्हा श्रीगणेशा.

१९९९ मध्ये नॅपस्टर आले आणि फाइल सर्व्हरवरून न घेता दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून थेट घेण्याची पद्धत रूढ झाली. न्यायालयीन लढाईत नॅपस्टर जुलै २००१ मध्ये बंद पडले, पण तोवर कझा, ईडाँकी, डायरेक्ट कनेक्ट अशी भावंडे उभी होती. त्याच महिन्यात ब्रॅम कोहेनने बिटटोरंट जगापुढे ठेवले. फाइलचे लहान तुकडे करायचे आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो त्याने इतरांना द्यायचा, असे त्याचे तत्त्व. आता पलीकडे कंपनीचा सर्व्हर नव्हता. आपल्यासारखेच कुणाचे तरी घर होते, आणि त्या घरातही लाइट जाई.

उपनगरात हे सगळे पोहोचले ते केबलवाल्यामार्फत. १९९१ च्या आखाती युद्धात परदेशी वाहिन्या दिसू लागल्या, तेव्हापासून एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर केबल टाकण्याचा धंदा इथे रुळला होता. १९९८ च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली आणि या तयार जाळ्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. हॅथवे, इनटूकेबल, सिफी, पेसनेट, आधी इकारा आणि पुढे यू टेलिकॉम या नावांची कनेक्शने गल्लीगल्लीत विकली गेली ती बहुतांशी स्थानिक केबलवाल्याच्या हातून. काही ठिकाणी टीव्हीच्याच केबलमधून केबल मोडेमने नेट येई. पुष्कळ ठिकाणी मात्र निळी किंवा करडी लॅनची वायर गच्चीवरून खिडकीत उतरे आणि कॉम्प्युटरमागच्या स्वस्त रिअलटेक कार्डात थेट जाई.

ही मांडणी ऑफिसच्या एका मजल्यासाठी बनली होती. लॅनची वायर १०० मीटरपर्यंतच भरवशाची, म्हणून दर इमारतीला आठ पोर्टचा एखादा छोटा स्विच लागे. तो पाण्याच्या टाकीशेजारी किंवा लिफ्टच्या खोलीत प्लास्टिकच्या डब्यात टांगलेला असे, आणि त्याची वीज वरच्या मजल्यावरच्या एखाद्या घरातून घेतलेली. त्या घरचे लोक गावाला जाताना मेन स्विच बंद करून गेले की खालच्या दोन विंगांचे नेट जाई. केबलवाल्याला फोन केला की 'पोरगा पाठवतो' हे उत्तर ठरलेले. पोरगा येऊन स्विचची पिन काढून घाली, आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटत असाव्यात. मे महिन्याच्या उन्हात डबा तापून स्विच लटके. पावसाळ्यात जोडांत पाणी शिरे. जवळपास वीज पडली तर तिचा झटका वायरीतून येऊन घरोघरची लॅन कार्डे एकदम जात. नवे कार्ड बसवले तरी नेट सुरू होत नसे, कारण केबलवाल्याकडे जुन्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा ओळख क्रमांक, नोंदलेला असे.

पण स्विच चालू, ब्राउझर चालू, आणि फक्त शेअरिंगचे डाउनलोड अडकलेले, या तक्रारीचे मूळ निराळे होते. केबलवाल्याकडे खरे सार्वजनिक आयपी पत्ते मोजके असत. तो शेकडो घरांना १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते देई आणि सगळ्यांची वाहतूक एकाच पत्त्यामागून बाहेर काढी. सोसायटीचा एकच फोन वॉचमनच्या केबिनमध्ये असावा, घरातून बाहेर फोन लावता यावा, पण बाहेरच्याला कुठल्या घराला हवे ते सांगता येऊ नये, तसे हे होते. ब्राउझरला याने फरक पडत नाही, कारण तो नेहमी स्वतःच बाहेर जातो. शेअरिंगमध्ये मात्र समोरच्यालाही आपल्याकडे येता यावे लागते. ईडाँकीच्या जाळ्यावरचे ईम्यूल हे सॉफ्टवेअर अशा घराला 'लो आयडी' म्हणे, डायरेक्ट कनेक्टचे डीसी++ त्याला 'पॅसिव्ह' ठरवी. एक बाजू मोकळी असेल तर काम भागे. दोन्ही बाजू अशा बंदिस्त असल्या तर दोघांची गाठच पडत नसे.

लोकप्रिय फाइलला याची झळ कमी लागे. हजार लोकांकडे फाइल असली की त्यांतले शेदोनशे तरी मोकळे सापडत. खरी पंचाईत दुर्मीळ गोष्टींची. जुन्या मराठी नाटकाचे ध्वनिमुद्रण जगात एकाच माणसाकडे असेल आणि तो डोंबिवलीत दुसऱ्या केबलवाल्यामागे बसलेला असेल, तर मुलुंडच्या पडद्यावर 'सीड १', म्हणजे पूर्ण फाइल असलेला एक जण, दिसे आणि वेग शून्य. हे बंदिस्तपण सोडवण्यासाठी लागणारे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी ठरावीक घराकडे वळवणे, केबलवाल्याच्या राउटरवर करावे लागे, आणि ते तो गिऱ्हाइकासाठी करत नसे. २०१० च्या आवृत्तीत म्यूटोरंट या बिटटोरंट सॉफ्टवेअरने जोडणीच्या टीसीपी पद्धतीऐवजी यूडीपीवर चालणारी नवी पद्धत आणली. तिच्यामुळे मोकळ्या पीअरच्या, म्हणजे शेअरिंगमधल्या तिसऱ्या कॉम्प्युटरच्या, मध्यस्थीने दोन बंदिस्त घरांची गाठ घालून देता येऊ लागली. तोवर या एका कारणाने जितकी मशीने विनाकारण फॉरमॅट झाली, तितकी व्हायरसनेही झाली नसतील.

जुन्या कॉम्प्युटरचे स्वतःचे दोषही होतेच, आणि ते ओळखू येण्याजोगे होते. विंडोज ९८ च्या काळातल्या फॅट३२ पद्धतीच्या हार्ड डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून ४.३७ जीबीची डीव्हीडी तिच्यावर उतरवणे अशक्य होते, डिस्क रिकामी असली तरी. उपाय एका आज्ञेचा, डिस्क एनटीएफएसमध्ये बदलण्याचा. पण एनटीएफएस विंडोज ९८ ला वाचता येत नसल्याने एक्सपी घालावे लागे. दुसरा दोष छुपा. हार्ड डिस्कच्या चपट्या वायरीत बिघाड होऊन वारंवार चुका आल्या की एक्सपी ती डिस्क आपोआप जुन्या, मंद पीआयओ पद्धतीवर टाकी. मग प्रोसेसर डिस्कच्या चाकरीतच गुंते, माउस अडखळे आणि डाउनलोड थबके. तिसरा दोष रॅमचा. तुकडा पूर्ण आला की त्याची गणिती छाप ताडून पाहिली जाते आणि जुळली नाही तर तो टाकून पुन्हा मागवला जातो. खराब रॅममुळे चांगला तुकडाही नापास होई. आलेला डेटा फाइलच्या आकाराहून वाढत जाई, टक्केवारी मात्र हलत नसे. अझ्यूरियस हे सॉफ्टवेअर जावावर चालणारे, १२८ एमबी रॅमच्या पेंटियम ३ ला ते झेपत नसे. सप्टेंबर २००५ मध्ये आलेले म्यूटोरंट आकाराने इतके लहान होते की फ्लॉपीवरून या घरातून त्या घरात जाई, आणि जुन्या मशीनांची मोठी अडचण त्याने दूर केली.

ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने नवा घोळ घातला. वर्म पसरू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एका वेळी अर्धवट अवस्थेतल्या जोडण्यांवर दहाची मर्यादा घातली. शेअरिंग सॉफ्टवेअर शेकडो पीअरना एकदम हाका मारते. त्यांतले बरेच बंद असतात, त्यामुळे दहाही जागा उत्तर न देणाऱ्यांनी अडवल्या जात आणि ब्राउझरसुद्धा थांबे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४२२६ हा क्रमांक उमटलेला दिसे. शहाणा उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमधली हाकांची संख्या उतरवणे. बऱ्याच जणांनी त्याऐवजी विंडोजची tcpip फाइलच बदलणारे पॅच घातले.

वेगाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. ६४ केबीपीएसच्या 'अनलिमिटेड' केबल कनेक्शनवर ७०० एमबीची एक सीडी यायला सगळे सुरळीत असताना साधारण २५ तास लागत. इतका वेळ गच्चीवरचा स्विच सलग चालू राहणे हीच मोठी गोष्ट. ऑक्टोबर २००४ च्या केंद्राच्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले, आणि २००५ च्या सुरुवातीला एमटीएनएलचे ट्रायबँड फोनच्या तांब्याच्या तारेवरून आले. तीच सीडी आता सव्वासहा तासांत. अपलोड मोकळे सोडले की ते सगळी लाइन खाई, डाउनलोडच्या पोचपावत्याही बाहेर पडत नसत आणि डाउनलोडच बसे. अपलोडला ऐंशी टक्क्यांची वेसण घालणे हा त्यावरचा इलाज. ट्रायबँडच्या काही प्लॅनमध्ये डेटाला महिन्याची मर्यादा होती आणि रात्रीच्या ठरावीक तासांत ती सुटे, म्हणून मॉनिटर बंद करून सीपीयू रात्रभर चालू ठेवण्याची सवय याच काळात लागली.

रात्रभर चालू ठेवणे सगळ्या उपनगरांना सारखे जमत नसे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर यांना बीएसईएस, नंतर रिलायन्स एनर्जी वीज पुरवी. भांडूप-मुलुंड हे महापालिकेत असूनही राज्य वीज मंडळाकडे, म्हणजे २००५ नंतर महावितरणकडे. त्यामुळे भारनियमनाची झळ मुलुंडला बसली आणि चार स्टेशने अलीकडच्या घाटकोपरला नाही. लाइट अचानक गेली की लिहिला जात असलेला तुकडा अर्धवट राही, आणि परत सुरू केल्यावर सगळी फाइल तपासून घेण्यात जुन्या मशीनचा अर्धा तास जाई. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरची मशीनेच पाण्यात गेली.

या सगळ्यावर उपनगरानेच एक तोड काढली. बाहेरची लाइन ६४ ची असली तरी एकाच केबलवाल्याच्या जाळ्यातल्या दोन घरांमध्ये वायर १० किंवा १०० एमबीपीएसची होती, आणि आतल्या आत खासगी पत्ता आड येत नव्हता. डीसी++ चे हब अशा जाळ्यांवर जोरात चालले. पवईच्या आयआयटीच्या होस्टेलांतही तेच. तिथे तर २००७ मध्ये संस्थेने रात्री अकरा ते दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत खोल्यांमधले इंटरनेट बंद केले, मुले वर्गात येत नाहीत म्हणून.

कधी दोष गल्लीतला नसून समुद्रातला असे. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि देशभर नेट रखडले. अशा केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे अंधेरीतच, उतरतात, तरी अंधेरीच्या घराला त्याचा काही फायदा नव्हता.

पुढचे अडकणे कायद्याने आले. उतरवल्या जाणाऱ्या सिनेमांतले बहुतेक चोरीचे होते हे उघडच होते. जुलै २०११ मध्ये 'सिंघम' या सिनेमाच्या वेळी आणि मे २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इंटरनेट कंपन्यांनी अनेक साइट रोखल्या. साइट उघडत नसे, पीअरची यादी देणारा ट्रॅकर उत्तर देत नसे, पण आधी सुरू असलेले टोरंट डीएचटीच्या, म्हणजे ट्रॅकरविना पीअर शोधण्याच्या पद्धतीच्या, आधाराने कधीकधी चालू राही. पूर्वी वायर तपासणारे लोक आता साइटचा आयपी पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर बदलून पाहू लागले.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे मोबाइल इंटरनेट आले, मागोमाग घरोघर फायबर आले, आणि सिनेमा उतरवून ठेवण्याची गरजच पुष्कळांना उरली नाही. जुनी मशीने भंगारवाल्याकडे गेली. गच्चीवरच्या डब्यांतले स्विच काही ठिकाणी अजून लटकलेले आहेत, वायरी कापलेल्या. खासगी पत्त्याची अडचण मात्र फायबरवरही टिकली. आशियाच्या वाट्याचे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते २०११ मध्येच संपत आले, त्यामुळे कंपन्या अजूनही अनेक घरे एका पत्त्यामागे ठेवतात, आणि ज्याला मोकळा पत्ता हवा त्याने 'स्टॅटिक आयपी'चे पैसे वेगळे भरायचे असतात.