कडुनिंबाचे अर्क

कडुनिंबाच्या (ॲझाडिरॅक्टा इंडिका) पाने, साल व बिया यांपासून काढलेले जंतुरोधक, बुरशीनाशक व कीटकरोधक अर्क. महाराष्ट्रात पाल्याचा उपयोग फार जुना आहे. धान्याच्या कणगीत वाळलेली पाने घालणे, गोवर-कांजिण्यांतून उठलेल्या मुलास पानांच्या पाण्याने स्नान घालणे आणि डास हटविण्यासाठी सायंकाळी गोठ्यात पाल्याची धुरी देणे, या त्यांतील परिचित रीती होत. धुरीने डास काही वेळ दूर राहतात; त्यांची पैदास थांबत नाही. सी. ए. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईच्या हिवतापाचे मूळ मुख्यतः विहिरी व पाण्याच्या टाक्या यांत दाखविले होते.

अर्कांच्या रासायनिक अभ्यासास १९४२ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी निंबिन व निंबिडीन ही द्रव्ये तेलातून वेगळी केल्यावर चालना मिळाली. बियांच्या गराचा पाण्यातील अर्क फवारलेली पिके टोळ खात नाहीत, हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९६२ मध्ये दिसून आले. ॲझाडिरॅक्टिन हे प्रमुख कीटकरोधक द्रव्य १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये अलग करण्यात आले. ते पानांपेक्षा बियांत अधिक असते. खोबरेल तेलात २ टक्के निंबतेल मिसळून अंगास लावल्यास ॲनॉफेलीस डासांपासून चांगले संरक्षण मिळते, असे भारतीय संशोधकांनी १९९३ मध्ये नोंदविले.

यूरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये निंबतेलाने वनस्पतींवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीचे पेटंट डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी व अमेरिकेचे कृषी खाते यांना दिले. त्यास वंदना शिवा, यूरोपीय संसदेतील हरित गट व जैव शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी आव्हान दिले. घरोघरच्या वापराचा केवळ निर्देश तेथे पुरेसा नव्हता. पेटंटपूर्व वापराचा तपशीलवार पुरावा हवा होता. पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५ व १९८६ मध्ये अशा अर्काच्या चाचण्या झाल्याची अभय फडके यांची साक्ष म्हणूनच महत्त्वाची ठरली. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले व मार्च २००५ मध्ये त्यावरील अपील फेटाळण्यात आले.

दरम्यान २००१ मध्ये भारतात पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. परकीय पेटंट परीक्षकांना जुन्या ग्रंथांतील औषधी उपयोग त्यांच्या भाषांत उपलब्ध करून देणे, हा त्याचा हेतू आहे. मात्र ग्रंथांत न आलेल्या, केवळ तोंडी चालत आलेल्या रीतींची नोंद करण्याचे कार्य त्याहून अवघड आहे.