वृद्धसाहाय्य, शासकीय (महाराष्ट्र)

वार्धक्यामुळे कमाई, कुटुंबाचा आधार किंवा हिंडण्याफिरण्याची ताकद गमावलेल्या व्यक्तींना केंद्र व राज्य शासनांकडून मिळणारे रोख अनुदान, सवलती, उपचार व कायदेशीर संरक्षण. नोकरीपश्चात मिळणारे निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधीशी निगडित निवृत्तिवेतन आणि ज्येष्ठांसाठीच्या बचत योजना हा वेगळा विषय असल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही.

वृद्ध कोणास म्हणावे, याचे एकच उत्तर शासनाकडे नाही. २००७ चा निर्वाह कायदा ६० वर्षे पूर्ण झालेल्यास ज्येष्ठ नागरिक मानतो. राज्याचे मासिक अनुदान ६५ व्या वर्षी सुरू होते, एस.टी.चे अर्धे तिकीटही ६५ लाच, पूर्ण मोफत प्रवास ७५ ला. केंद्राचे वयोवंदना आरोग्यकार्ड ७० ला मिळते आणि केंद्राच्या निवृत्तिवेतनातील वाढ ८० व्या वर्षी लागू होते. त्यामुळे एकच व्यक्ती एका कचेरीत वृद्ध ठरते आणि शेजारच्या कचेरीत ठरत नाही.

पूर्वपीठिका : ब्रिटिश काळातील दुष्काळ संहितांत, काम करण्यास असमर्थ असलेल्या वृद्ध व अपंगांना कामाविना मदत देण्याची तरतूद होती. अशांच्या गाववार याद्या कराव्या लागत. मदत दुष्काळापुरती असे आणि पाऊस झाला की यादी मिटे. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्यातील साहाय्याचा उल्लेख आहे. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने आणि राज्याच्या आर्थिक कुवतीशी बांधलेला असल्याने त्याआधारे थेट न्यायालयात जाता येत नाही. उत्तर प्रदेशाने १९५७ मध्ये वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. महाराष्ट्रात १९८० मध्ये, अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना आली आणि पुढील सर्व योजनांची कार्यपद्धती तिच्याच साच्यातून निघाली. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्यात ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा ७५ रुपये मिळत. २००७ मध्ये त्या निवृत्तिवेतनास इंदिरा गांधींचे नाव मिळाले व ‘निराधार’ या निकषाऐवजी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब हा निकष आला. २०११ मध्ये केंद्राने वय ६० वर आणले. महाराष्ट्रातील श्रावणबाळ या वृद्ध निवृत्तिवेतन योजनेची अट ६५ वर्षांचीच राहिली.

मासिक अनुदान : ६५ वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी व अन्य निराधार संजय गांधी योजनेत येतात. ६५ पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिचे दोन गट आहेत. गट ‘अ’ मध्ये दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेले येतात व त्यांना केंद्र आणि राज्य दोघांचे पैसे मिळून मिळतात. यादीत नाव नसलेले, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलेले गट ‘ब’ मध्ये येतात व त्यांचा पूर्ण भार राज्य उचलते. हातात पडणारी रक्कम दोन्हींत सारखीच असल्याने लाभार्थ्यास आपला गट बहुधा ठाऊकही नसतो.

ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालील यादी २००२ च्या सर्वेक्षणाची आहे. त्यात घर, जमीन, कपडे, अन्न, शौचालय, कर्ज, स्थलांतर आदी १३ निकषांवर प्रत्येकी ० ते ४ असे, एकूण ५२ पैकी गुण दिले गेले. ज्याचे गुण कमी तो गरीब. तेव्हा कर्ता असलेला शेतमजूर आज सत्तरीत आहे. त्यावेळी घरावर पत्रे होते म्हणून चढलेले गुण त्याला अजून चिकटलेले आहेत. शिवाय केंद्र प्रत्येक राज्यासाठी लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून देते. गट ‘ब’ नसता तर यातले बरेचजण बाहेरच राहिले असते. दोन गटांच्या या रचनेवर हिशेब किचकट करण्याचा आक्षेप घेतला जातो, पण ती राज्याच्या प्रशासनाने काढलेली चांगली वाट आहे.

उत्पन्नमर्यादा : २१,००० रुपयांची मर्यादा अनुदान वाढले तरी वाढली नाही; दिव्यांगांसाठी मात्र ती ५०,००० करण्यात आली. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. या दराने घरातील एकाच माणसाने ७१ दिवस काम केले की कुटुंब मर्यादेबाहेर जाते, आणि रोजगार हमी कायदा तर तेव्हा १०० दिवसांच्या कामाची हमी देत होता. म्हणजे एका खात्याने दिलेले हक्काचे काम पूर्ण केले, तर दुसऱ्या खात्याचा लाभ जातो. प्रत्यक्षात तहसील कचेरीतून मिळणाऱ्या दाखल्यावर मर्यादेच्या आत बसणारा आकडा येतो आणि सर्व संबंधितांना तो कसा येतो हे ठाऊक असते. मुलाचे नाव एकाच शिधापत्रिकेवर असेल तर त्याची कमाई कुटुंबाची धरली जाते. म्हणून अर्जापूर्वी म्हाताऱ्या जोडप्याचे रेशनकार्ड वेगळे करून घेण्याची रीत आहे. चूल एकच राहते, कार्डे दोन होतात.

अर्ज व चौकशी : अर्ज तहसील कचेरीतील संजय गांधी योजना शाखेत, तलाठ्याकडे (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा सेतू केंद्रातून करतात. सोबत वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्याचा पुरावा, शिधापत्रिका, आधार व बँकेचे पासबुक लागते. सर्वांत अडचणीचा कागद वयाचा. जन्मनोंद किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो, पण या पिढीतील कष्टकरी स्त्रियांकडे दोन्ही नसतात. मतदार यादीतील वय वेगळे, आधारवरचे वेगळे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली १ जून आणि आधार काढताना यंत्राने घेतलेली १ जानेवारी या दोन तारखांवर महाराष्ट्रातील असंख्य वृद्ध जन्मलेले आहेत. तिढा न सुटल्यास शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणावा लागतो. डॉक्टर तपासून अंदाजे वय लिहून देतो, आणि तो अंदाज ६३ निघाला तर दोन वर्षे थांबायचे.

तलाठ्याच्या चौकशी अहवालानंतर अर्ज तालुकास्तरीय समितीपुढे जातो. समितीचा अध्यक्ष अशासकीय असून त्याची निवड पालकमंत्र्यांच्या शिफारशीने होते. तहसील कचेरीचा अधिकारी सचिव असतो. तालुक्याच्या राजकारणात हे अध्यक्षपद लहान समजले जात नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठक होत नाही. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात व नवी नेमेपर्यंत काम तहसीलदाराकडे येते. मंजुरी राजकीय समितीकडे असावी की केवळ महसूल यंत्रणेकडे, याबाबत मतभेद आहेत. गावातील खरा निराधार कोण हे समितीतल्या स्थानिकांना अधिक कळते, असा एक पक्ष. तेच नको तितके कळते, असा दुसरा.

रक्कम : २०१९ पर्यंत श्रावणबाळचे ६०० रुपये मिळत, त्या वर्षी १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाले. गट ‘अ’ मध्ये यांपैकी २०० रुपये केंद्राचे व उरलेले १,३०० राज्याचे. ८० वर्षे झाली की केंद्राचा वाटा ५०० होतो आणि राज्याचा तितकाच कमी होतो. लाभार्थ्याला काहीच जास्त मिळत नाही. केंद्राचे २०० रुपये २००६ पासून तेवढेच आहेत. ते वाढवावेत अशी शिफारस ग्रामीण विकासविषयक संसदीय स्थायी समितीने एकाहून अधिक वेळा केली आहे. २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही वृद्धांच्या हक्कांविषयीच्या निकालात निवृत्तिवेतनाच्या रकमेचा फेरविचार करण्यास केंद्राला सांगितले.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेशी (२०२४) तुलना उद्बोधक आहे. तिची रक्कमही १,५०० रुपयेच, पण कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आणि वयोमर्यादा २१ ते ६५. वय उलटल्यावर स्त्रीला तिथून बाहेर पडून श्रावणबाळसाठी नव्याने अर्ज करावा लागतो, आणि तिथे मर्यादा २१,००० ची. चौसष्टाव्या वर्षी गरजू मानलेली स्त्री सहासष्टाव्या वर्षी त्याच घरात, त्याच उत्पन्नावर अपात्र ठरू शकते. दोन्ही योजना एकाच राज्याच्या असून वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत.

वितरण : गावात या मासिक अनुदानाला ‘निराधारचा पगार’ म्हणतात. पूर्वी तहसील कचेरी याद्या करून देयक कोषागारात मांडी व धनादेश बँकेकडे जाई. निधी उशिरा आला की दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम मिळत. दरमहा ७ तारखेपूर्वी निवृत्तिवेतन द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २००१ चा आदेश होता. २०२४ च्या अखेरीपासून राज्याच्या डीबीटी (थेट लाभ हस्तांतरण) पोर्टलमधून रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जाते. यामुळे मधले टप्पे गेले, पण कोणते खाते आधारला जोडलेले आहे हे माहीत नसलेल्यांचे पैसे दुसऱ्याच, कधी काळी उघडलेल्या खात्यात पडू लागले. पैसे काढताना बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा द्यावा लागतो. आयुष्यभर खुरपे, विळा किंवा विटा हाताळलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. तेल पुसून, बोट ओले करून, दुसऱ्या हाताचे लावून पाहतात, आणि तरीही न उमटल्यास बाजारच्या दिवशी पुन्हा बोलावतात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो न दिल्यास अनुदान थांबते. जिवंत माणसाचे नाव मयत म्हणून कमी झाल्याच्या तक्रारी असतात, तशाच मयताच्या नावे रक्कम जात राहिल्याच्याही.

निर्वाहाचा कायदा : आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा, महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला व नियम २०१० मध्ये आले. उपविभागीय अधिकारी (प्रांत) हा न्यायाधिकरणाचा प्रमुख असतो. मुलांकडून दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. निपुत्रिकास, आपली मालमत्ता ज्याच्याकडे जाणार त्या नातेवाइकाकडे तो मागता येतो. कलम १७ ने वकिलांना मज्जाव केला आहे. व्यवहारात सर्वाधिक वापर कलम २३ चा होतो : सांभाळाच्या अटीवर दिलेले बक्षीसपत्र, सांभाळ न झाल्यास, रद्द करता येते. ही अट दस्तात लिहिलेली असलीच पाहिजे का, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ व २०२५ मधील निकालांचा सूर सारखा नाही. दस्त करतानाच ती लिहून घेणे सुरक्षित. निर्वाहखर्चाची १०,००० रुपयांची मर्यादा काढून टाकण्याचे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये मांडले गेले, पण मंजूर झाले नाही.

प्रवास : राज्य परिवहनाच्या गाड्यांत ६५ वर्षांवरील व्यक्तींना ५० टक्के सवलत आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना तिकीटच नाही. मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना अर्धे तिकीट झाल्याने ६५ ते ७५ वयोगटातील स्त्रियांच्या दृष्टीने ज्येष्ठत्वाच्या सवलतीला वेगळा अर्थ उरला नाही. रेल्वेत पुरुषांना ६० व्या वर्षी ४० टक्के व स्त्रियांना ५८ व्या वर्षी ५० टक्के सूट असे. ती मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात बंद झाली आणि साथ गेल्यावरही परत सुरू झाली नाही.

आरोग्य व साधने : ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. मर्यादा कुटुंबामागे आहे, म्हणजे नवराबायको दोघांत मिळून. बाह्यरुग्ण तपासणी व रोजच्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या यात येत नाहीत. वृद्धांचा बराचसा खर्च नेमका तोच. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून (२०२४) ६५ वर्षांवरील व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, कंबरपट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. उत्पन्नमर्यादा २ लाख.

तीर्थयात्रा : मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना, २०२४, वय ६०, प्रतिव्यक्ती ३०,००० रुपयांपर्यंत.

वृद्धाश्रम : स्वयंसेवी संस्थांना अनुदान, तसेच १९९५ ची मातोश्री वृद्धाश्रम योजना. प्रवेशाचे वय पुरुषांसाठी ६०, स्त्रियांसाठी ५५.

साहित्यिक व कलावंत : वृद्ध साहित्यिक-कलावंतांचे मानधन १९५४-५५ पासून, म्हणजे राज्यस्थापनेच्या आधीपासून चालू असून येथे उल्लेखिलेल्या योजनांत ते सर्वांत जुने आहे. आता ते राजर्षी शाहू महाराजांच्या नावे दिले जाते. पूर्वी राष्ट्रीय, राज्य व स्थानिक अशा तीन श्रेणी व तीन दर होते. २०२४ पासून सर्वांना सरसकट ५,००० रुपये. किमान वय ५०. तमाशा, भजन, गोंधळ, शाहिरी या क्षेत्रांतील अर्जदाराला कलेचा पुरावा म्हणून जुनी पत्रके, छायाचित्रे, प्रमाणपत्रे जोडावी लागतात, आणि ज्यांनी आयुष्यभर जत्रेत फडावर काम केले त्यांच्याकडे तीच नसतात.